दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, पोट बरं आहे, पण खांदा का दुखतोय?

निळाई
आज ऑपरेशनला चार दिवस झाले. दुर्बिणीतून पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढली. फायब्रॉइड्स (पिशवीतल्या गाठी) होते आणि दर महिन्याच्या ब्लीडिंगने हिमोग्लोबिन पार तळाला गेलं होतं, त्यामुळे निर्णयाबद्दल काही म्हणणं नाही. पोटावर चार भोकं, सगळ्यात मोठं बेंबीत, तेही नखाएवढं. पोट दुखतंय पण सहन होण्यासारखं.

जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते म्हणजे उजवा खांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने उठवून बसवलं आणि खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंत अशी सणक गेली की मी परत आडवीच झाले. आडवं झालं की पाच मिनिटांत कमी, बसलं की परत सुरू. घाबरून विचारलं हार्टचं तर नाही ना, तर म्हणाली "गॅस आहे हो, जाईल". मला वाटलं ही गॅसेसबद्दल बोलतेय, म्हणून दोन दिवस अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेत बसले. काडीचा उपयोग नाही. आज जरा कमी आहे पण गेलेला नाही.

तर हे नॉर्मल आहे का, किती दिवस चालतं, आणि पेनकिलर किती दिवस घ्यायची? घरी सगळ्यांचं एकच पालुपद, "दुर्बिणीने तर केलंय". सासूबाईंचं पोट उघडून झालं होतं, त्या रोज येऊन माझ्या चार पट्ट्या बघतात आणि काही न बोलता जातात. ते न बोलणंच जास्त लागतं.

खारूताई
खांदा!!! अगं मला वाटायचं मी एकटीच. माझी ओव्हरीची सिस्ट काढली तेव्हा पोटाचं काही नाही पण खांद्याने रडवलं. नवऱ्याला म्हटलं ऑपरेशन करताना यांनी मला टेबलावरून पाडलं असणार आणि आता लपवतायत. तिसऱ्या दिवशी आपोआप कमी झालं. पाचव्या दिवशी विसरून पण गेले.

मी_पण
+१. माझा दोन्ही बाजूंचा. श्वास खोल घेतला की बरगड्यांखाली पण टोचायचं.

डोंगरवाट
खांद्याचं माहीत नाही, पण पेनकिलर शक्यतो टाळा असं माझं मत. शरीराला सवय लागते, किडनीवर परिणाम होतो. थोडं सहन केलं तर शरीर स्वतःच बरं होतं.

शेवंती
@डोंगरवाट, तुमची पिशवी कधी काढली?

डोंगरवाट
हाहा, आलं लक्षात. पण माझं हर्नियाचं झालंय, तेही दुर्बिणीने. एका गोळीवर भागलं.

भूलचूक
भूलतज्ञ आहे, आयडीवर जाऊ नका. निळाई, नर्स बरोबर बोलली, फक्त अर्धंच बोलली. तो गॅस आतड्यातला नाहीच.

दुर्बिणीने काम करायचं तर पोटात जागा लागते, नाहीतर आतडी सगळी कॅमेऱ्यावर पडलेली असतात. म्हणून पोटाच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड भरून तंबूसारखं फुगवतात. हाच गॅस का, तर तो पेट घेत नाही (आत विजेने रक्तस्राव थांबवायचा असतो) आणि रक्तात पटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. प्रेशर साधारण पाऱ्याचे 12 ते 15 मिलिमीटर. त्यात ओटीपोटाचं ऑपरेशन म्हटलं की पेशंटला डोकं खाली, कंबर वर असं तिरकं ठेवतात, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि गर्भाशय मोकळं दिसतं. शेवटी गॅस सोडून देतात, पण सगळा निघत नाही. उरलेला, तुम्ही उठून बसलात की वर जाऊन डायफ्रामखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला जो पडदा असतो त्याखाली, अडकून बसतो. बसल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर कमी होतं ते यामुळे.

आता खांदाच का. त्या पडद्याची नस निघते मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून. खांद्याच्या वरच्या कातडीच्या नसाही तिथल्याच. पडदा चुरचुरतो आणि मेंदूला वाटतं खांदा ओरडतोय. पत्ता चुकलेलं पत्र समजा. खांद्याला कितीही मलम चोळा, तिथे काही झालेलंच नाही.

बहुतेकांचं पहिल्या एक-दोन दिवसांत जास्त असतं आणि मग आठवड्याच्या आत जातं. चौथ्या दिवशी कमी होत चाललंय म्हणजे गाडी रुळावर आहे.

निळाई
पत्ता चुकलेलं पत्र! खूप खूप आभार. दोन दिवस मलम चोळलं त्याचं काय करू आता. हे एवढंच ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं असतं तर त्या रात्री मी छाती धरून बसले नसते.

खारूताई
हेच ना. सहीसाठी कागद देतात त्यात रक्तस्राव, इन्फेक्शन, मृत्यू सगळं असतं. खांदा नसतो.

भूलचूक
मान्य. आमच्यापैकी सगळेच सांगत नाहीत. ऑपरेशन संपताना आम्ही फुफ्फुसं थोडा वेळ जास्त दाबाने फुगवून धरली तर पडदा खाली दबतो आणि उरलेला गॅस छिद्रांतून बाहेर पडतो, त्याने खांद्याचं दुखणं कमी होतं. मिनिटभराचं काम. प्रेशर कमी ठेवलं तरी फरक पडतो, पण मग सर्जनला जागा कमी मिळते, ते प्रत्येक केसमध्ये जमत नाही.

उंबरठा
माझा खांदा अजिबात दुखला नाही. पण घसा! पाणी गिळताना चरचर, आवाज बसलेला, आणि लघवीला गेलं की आग. मी म्हटलं पोटाचं ऑपरेशन केलं की घशाचं.

भूलचूक
घसा आमची कृपा. दुर्बिणीच्या ऑपरेशनला श्वासनलिकेत नळी घालावी लागते. एक-दोन दिवसांत जातो. लघवीची आग कॅथेटरमुळे, म्हणजे लघवीसाठी आत घातलेल्या नळीमुळे, तीही एखाद दिवस. दोन दिवसांच्या पुढे गेली, किंवा लघवी थेंबथेंब होतेय, होतच नाहीये, तर मात्र फोन करायचा.

चष्मिश
अवांतर करतोय, सवयीप्रमाणे. पोट फुगवून आत बघायचा प्रयोग पहिल्यांदा 1901 मध्ये जर्मनीत केलिंग नावाच्या डॉक्टरने कुत्र्यावर केला होता, तोही गाळलेली हवा भरून. माणसावर 1910 मध्ये स्वीडनच्या याकोबेयसने. पुढे ही विद्या वाढवली ती स्त्रीरोगतज्ञांनी. कील गावच्या कुर्ट झेमने 1980 मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं तेव्हा हा बायकांचा डॉक्टर आमच्या हद्दीत कशाला घुसतोय म्हणून सर्जन मंडळी भडकली होती. आणि दुर्बिणीने गर्भाशय काढलं 1988 मध्ये अमेरिकेत हॅरी राइखने. म्हणजे निळाईतै, तुमच्या सासूबाईंचं ऑपरेशन त्याआधीचं असेल तर त्यांना हा पर्यायच नव्हता.

निळाई
नाही ना. 1985 चं आहे त्यांचं. हे मी कधी असं मोजलंच नव्हतं.

शेवंती
चष्मिश यांचं अवांतर पहिल्यांदाच कामाला आलं, नोंद घ्यावी.

मूळ मुद्द्यावर येते. मला वाटतं "छोटं ऑपरेशन" हा शब्दच वाईट. छोटं काय आहे, तर कातडीवरचा कट. आतलं गर्भाशय तेवढंच, ते सोडवायला कापलेले बंध तेवढेच, योनीच्या वरच्या टोकाला घातलेले टाके तेवढेच. फक्त बाहेरून दिसत नाही. पट्ट्या बघून दुखणं मोजणारे लोक दाराच्या कडीवरून घर केवढं ते सांगतात.

छोटंच ऑपरेशन म्हणून मीही दोन आठवड्यांनी कामावर गेले आणि दुपारी तीनला टेबलावर डोकं टेकून रडले. दुखतंय म्हणून नाही, थकव्याने. तो थकवा कुणाच्याच हिशोबात नव्हता, माझ्या पण.

डोंगरवाट
हे पटलं. तरी माझा मुद्दा गोळ्यांचा आहे.

मी_पण
गोळ्यांवर माझा अनुभव. मी पण शूरवीर. पहिल्या दिवशी सलाईनमधून औषध चालू होतं तर काहीच दुखेना, मग घरी आल्यावर म्हटलं कशाला गोळी. रात्री दोनला जी कळ आली ती गोळी घेऊन पण दोन तास थांबेना. दुखल्यामुळे हालले नाही, हालले नाही म्हणून पोट साफ नाही, पोट साफ नाही म्हणून अजून दुखतंय, आणि खोकला दाबून धरला म्हणून छातीत कफ. शेवटी आईने गजर लावून गोळ्या द्यायला सुरुवात केली तेव्हा मार्गी लागले. चौथ्या दिवसानंतर गजर बंद, सातव्यापासून गोळीच नाही. सवयबिवय काही लागली नाही.

भूलचूक
@मी_पण, आईंना आमच्या डिपार्टमेंटला पाठवा.

डोंगरवाट, पेनकिलर हा एक शब्द आहे पण आत वेगवेगळी माणसं राहतात. पॅरासिटामॉल वेगळं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही सूज कमी करणारी वेगळी. ट्रॅमॅडॉल, मॉर्फिन ही तिसरीच जात. सवय लागण्याचा प्रश्न मुख्यतः तिसरीचा, आणि त्याच गोळ्यांनी मळमळ होते आणि पोट गच्च होतं. म्हणून आजकालची पद्धत अशी की पहिल्या दोन मिळून ठरलेल्या वेळेला द्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही, आणि तिसरी गरज पडली तरच, थोडे दिवस. छिद्रांच्या जागी बधिर करायचं औषध टोचतात ते वेगळं. त्याचा असर काही तासांत उतरतो, म्हणून पहिल्या संध्याकाळी बऱ्याच जणी म्हणतात मला काही दुखतच नाही.

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल साधारण एक ग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, 24 तासांत चार ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळ्यांत पण पॅरासिटामॉल असतं, ती बेरीज लोक विसरतात. आयबुप्रोफेनवाल्या गोळ्या खाऊन झाल्यावर, आणि किडनीचा त्रास, अल्सर, काही दमेकरी यांनी विचारल्याशिवाय नाहीच. तर किडनीचं तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, फक्त चार-पाच दिवसांच्या कोर्सला धडधाकट माणसाने घाबरायचं कारण नाही. बाकी निळाई, तुमच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच घ्या, इथलं वाचून बदलू नका.

डोंगरवाट
बरं. शस्त्रं खाली ठेवतो.

शेवंती
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

अर्धविराम
सगळे "जाईल, जाईल" म्हणतायत म्हणून मुद्दाम लिहितेय, घाबरवायला नाही.

माझं पण हेच ऑपरेशन. पहिले तीन दिवस दुखलं, मग रोज थोडं थोडं कमी. पाचव्या दिवशी मी घरात गाणी म्हणत फिरत होते. सहाव्या दिवशी संध्याकाळी ओटीपोटात खोल काहीतरी दाटल्यासारखं. मला वाटलं जास्त चालले असेन. सातव्या दिवशी ते वाढलं, अंग कसकसायला लागलं, आणि खालून जे जात होतं त्याला वास. फोन केला तर पलीकडून "होतं असं, आराम करा". मी केला आराम! आठव्या दिवशी ताप 101 आणि बसताना कळ, तेव्हा बहिणीने सरळ गाडीत घातलं. सोनोग्राफीत योनीच्या वरच्या टोकाच्या टाक्यांपाशी रक्त साठून त्यात इन्फेक्शन झालेलं निघालं. पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक्स. आज ठणठणीत आहे.

पण मला सांगायचंय ते हे, की दुखणं किती आहे ते नका बघू, कुठल्या दिशेने चाललंय ते बघा. माझं आठव्या दिवशीचं दुखणं दुसऱ्या दिवशीच्यापेक्षा कमीच होतं, म्हणून मी गप्प बसले. पण ते उतरत उतरत आलेलं आणि परत चढलेलं होतं.

खारूताई
बापरे. बरं झालं लिहिलंस.

भूलचूक
अर्धविराम यांना शंभर टक्के अनुमोदन. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर आलेख उतरताच हवा. दोन-तीन दिवसांनंतर वाढतं दुखणं, पोट फुगून टणक होणं, उलट्या, 38 सेल्सियस म्हणजे 100.4 च्या वर ताप, यात आतड्याला धक्का लागलेला असू शकतो आणि तो कधीकधी उशिरा लक्षात येतो. एका बाजूला कुशीत दुखणं, खालून पाण्यासारखं सतत गळणं, यात लघवीच्या नळीला किंवा लघवीच्या पिशवीला इजा झाल्याचा विचार. तासाला एक पॅड भिजतंय इतकं ब्लीडिंग. एकाच पोटरीत सूज आणि दुखणं. आणि छातीत दुखून धाप लागणं, याला मात्र कुणी गॅस म्हटलं तरी ऐकायचं नाही, ताबडतोब निघायचं. गॅसच्या खांद्याला पोझिशनने फरक पडतो आणि त्यात दम लागत नाही. फोनवर "होतं असं" म्हणाले तर म्हणायचं, मला तपासायचंय, मी येतेय.

उंबरठा
डॉक्टर नेहमी विचारतात एक ते दहामध्ये किती दुखतंय. मला ते कधीच सांगता येत नाही. सहा म्हणजे किती? त्यापेक्षा आपल्याकडे शब्द काय कमी आहेत. टाक्यापाशी चरचरतं किंवा खाज येते. खांद्यात सणक जाते. आतड्यात गॅस फिरला की मुरडा. ओटीपोटात कळ येते ती पाळीसारखी. आणि अर्धविरामने लिहिलंय ते "दाटल्यासारखं", ते ठणक्याच्या घरातलं.

अर्धविराम
ठणका बरोबर. नाडीबरोबर ठोके पडायचे आत. तो शब्द फोनवर वापरला असता तर कदाचित लक्ष दिलं असतं.

भूलचूक
हे खरंच उपयोगी आहे हो. "सहा" ऐकून मला डोस कळतो, "ठणका" ऐकून मी पट्टी उघडून बघतो. मुरडा म्हणाल तर तो आतड्यातला खरा गॅस, तिथे मात्र चालणं, पाणी, पोट साफ व्हायचं औषध कामाला येतं. च्युइंग गम चघळल्यानेही आतडी लवकर जागी होतात, हसू नका, अभ्यास झालेत त्यावर.

चष्मिश
म्हणजे शाळेत बाईंनी उगाच हाणलं मला.

सावरी
मी जरा वेगळ्या बोटीत. माझं एंडोमेट्रिऑसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) झालं, वर्ष होऊन गेलं. पहिले तीन महिने स्वर्ग. आता डाव्या खालच्या छिद्राजवळ एका बोटाएवढ्या जागेत आग होते, वाकलं की जास्त, आणि जांघेकडे उतरते. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन उत्तम झालंय, तुम्ही मनातून काढून टाका. कुठून काढू ते सांगा.

अर्धविराम
सावरी, मिठी. "मनातून काढा" म्हणणाऱ्यांना एक आठवडा ती आग भाड्याने द्यावी.

भूलचूक
सावरी, न तपासता निदान करणं बरं नाही, पण बोटाने दाखवता येते इतकी नेमकी जागा, आग, जांघेकडे उतरणं, हे पोटाच्या भिंतीतल्या नसेचं वर्णन आहे. खालच्या बाजूच्या छिद्रांजवळून अशा दोन नसा जातात, त्या कधी दुखावतात किंवा वणात अडकतात. सोनोग्राफीत दिसत नाहीत म्हणून रिपोर्ट नॉर्मल. पेन क्लिनिकमध्ये दाखवा, त्या जागी बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघतात, आग थांबली तर निदान पण झालं आणि थोडे उपचार पण. मोठं छिद्र असेल तर तिथे हर्निया नाही ना तेही बघतील. एंडोमेट्रिऑसिस परत येणं आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहणं, या दोन गोष्टी पण डोक्यात ठेवायच्या. दुसऱ्यासाठी खास फिजिओथेरपी असते.

सावरी
वर्षात पहिल्यांदा कुणीतरी "बोटाने दाखवता येते का" हे महत्त्वाचं मानलं. अपॉइंटमेंट घेते.

मी_पण
छोट्या युक्त्या लिहून ठेवते कुणाला लागल्या तर. खोकताना, शिंकताना, हसताना पोटावर उशी घट्ट धरायची. उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हाताने रेटा देऊन. खांदा फार दुखला की अर्धा तास उशीशिवाय सपाट पडायचं. आणि हा धागा हसण्यासारखा आहे तो टाके असेपर्यंत वाचू नये.

निळाई
अपडेट द्यायला आले, आज दहावा दिवस. खांदा सहाव्या दिवशी गेला, कधी गेला ते कळलं पण नाही. गोळ्या परवापासून बंद. बेंबीपाशी ओढल्यासारखं होतं आणि दुपारी बॅटरी संपते, शेवंतीने लिहिलंय तश्शी, त्यामुळे सुट्टी वाढवून घेतली.

अजून एक. चष्मिश यांचं ते 1988 वालं मी सासूबाईंना सांगितलं, की तुमच्या वेळी हे नव्हतंच हो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून गेल्या आणि एक छोटी लोडासारखी उशी घेऊन आल्या. म्हणाल्या, "ही धर खोकताना. मला कुणी सांगितलं नव्हतं. टाका उसवेल म्हणून मी महिनाभर शिंकलेच नाही." मग मला म्हणाल्या खांदा कुठे दुखत होता ते दाखव. दाखवला. आता दुखत नाही म्हटलं तरी पाच मिनिटं चोळत बसल्या.

मी सांगितलं नाही पत्ता चुकलाय म्हणून.

खारूताई
अगं काय गं. रडवलंस.

डोंगरवाट
महिनाभर न शिंकणं, याला म्हणतात सहन करणं. मी माझी एक गोळी मागे घेतो.

पाऊलखुणा
नवीन सदस्य. उद्या सकाळी माझं लॅप्रोस्कोपीने सिस्टचं ऑपरेशन आहे, धागा पूर्ण वाचला. भूलतज्ञ रात्री भेटायला येणार आहेत. त्यांना ते फुफ्फुसं फुगवून गॅस काढायचं विचारू का? राग तर नाही ना येणार?

भूलचूक
बिनधास्त विचारा. राग आला तर आयडी सांगा माझा. त्यांना तुमच्या नेहमीच्या गोळ्या, अ‍ॅलर्जी, दमा, आधी भूल दिल्यावर उलट्या झाल्या होत्या का, हे पण आठवणीने सांगा. घरी जायच्या आधी लिहून घ्या कुठली गोळी किती वाजता, आणि रात्री काही वाटलं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा.

पाऊलखुणा
विचारलं. हसले आणि म्हणाले, करतोच मी ते, पण विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

निळाई
छान झालं. आता फोन ठेव आणि झोप. उशी घेतलीस ना बॅगेत?